मोडलेल्या खुब्याची छापील प्रत

प्रश्न : माझ्या चुलतभावाच्या मोटारसायकलला थेऊर फाट्याच्या अलीकडे टेंपोने उडवलं. कमरेचं हाड आणि उजवा खुबा मोडला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं, तर टेबलावर पांढऱ्या प्लास्टिकचं एक मोडकं हाड. म्हणाले, "हा तुमच्या पेशंटचाच खुबा, थ्रीडी प्रिंटरवर काढलाय." भाऊ आता वॉकर घेऊन चालतो, पण घरात वाद पेटलाय. काकू म्हणतात, ते प्लास्टिकच त्याच्या कमरेत बसवलं. मी म्हणतो, ते नुसतं आम्हाला दाखवायला होतं. खरं काय? आणि एक्स-रे, सीटी स्कॅन सगळं झालेलं असताना हाडाची प्रत छापायची गरजच काय?
– एक वाचक, लोणी काळभोर

उत्तर : वाद आधी मिटवू. ते प्लास्टिक तुमच्या भावाच्या कमरेत नाही. आत आहे ती धातूची प्लेट आणि तिचे स्क्रू. तेव्हा काकूंचं चुकलं. पण तुमचंही पुरतं बरोबर नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी असं हाड कोणी नुसतं नातेवाइकांना दाखवायला छापत नाही. बहुतेक त्याच प्लास्टिकवर ती प्लेट वाकवून ठेवली असणार, स्क्रू कुठून कुठे जाणार आणि किती लांबीचा लागणार हेही त्याच्यावरच ठरवलं असणार. तुम्हाला समजावून सांगणं हा वरचा फायदा.

आता गरज का पडली ते. मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडलं तर सर्जनचं काम अवघड असलं तरी निदान हाड सरळ असतं. कमरेचं तसं नाही. आपण ज्याला सरसकट 'कमरेचं हाड' म्हणतो ते मुळात एक हाड नव्हेच. मागे मधोमध, माकडहाडाच्या वर, त्रिकास्थी. तिच्या दोन्ही अंगांना दोन रुंद, पिळदार हाडं. ती पुढे जांघेच्या वर एकमेकांना येऊन भेटतात आणि एक कडी पूर्ण होते. या दोन हाडांपैकी प्रत्येक हाड लहानपणी तीन तुकड्यांचं असतं. ते तीन तुकडे नेमके खुब्याच्या वाटीत एकमेकांना भिडतात आणि किशोरवयात जुळून एक होतात. या वाटीत मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो. आपण उभे राहिलो, की धडाचा सगळा भार या कडीतून दोन्ही वाट्यांत आणि तिथून पायांत उतरतो.

कडी सहसा एकाच जागी मोडत नाही. काचेची बांगडी दाबली तर तिचे निदान दोन तुकडे होतात, तसंच इथेही. म्हणून एक्स-रेत पुढच्या बाजूला मोड दिसला की हाडांचे डॉक्टर मागचा दुसरा मोड शोधायला लागतात. धक्का कुठून बसला त्यावर मोडण्याची तऱ्हा ठरते. समोरून बसला तर कडी पुढून फाकते, बाजूने बसला तर आत चेपते, उंचावरून पायावर पडलं तर अर्धी कडी वर सरकते. मोटारीत बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आपटला तर मांडीचा गोळा मागे रेटला जाऊन वाटीची मागची कड उडवतो. दुचाकीवरून कुशीवर आपटलं तर तोच गोळा वाटीचा तळ फोडून आत घुसतो.

खरी पंचाईत या वाटीची. हाड जुळून आलं, एवढ्यावर इथे भागत नाही. वाटीला आतून गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं. दोन तुकडे जुळताना मध्ये पायरी राहिली, तर प्रत्येक पावलागणिक गोळा त्या पायरीवर घासतो आणि काही वर्षांत सांधा झिजतो. अमेरिकी सर्जन जोएल मॅटा यांनी घालून दिलेली मोजपट्टी आजही वापरतात. तुकड्यांत १ मिलिमीटरपर्यंत फरक राहिला तर जोडणी उत्तम, २ ते ३ मिलिमीटर राहिला तर सदोष, त्याच्या वर गेला तर वाईट. सुताराला लाकडात साधायला अवघड जाईल असा हा नेमकेपणा इथे जिवंत माणसात, खोल स्नायूंच्या आड साधायचा असतो. आजूबाजूला पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, मूत्राशय, आणि मागून जायचं ठरवलं तर पायाची सर्वांत जाड नस. सर्जनला सगळं हाड एकदम उघडं करून पाहता येतच नाही. पुढून गेलं तर पुढचं दिसतं, मागून गेलं तर मागचं. उरलेलं बोटाने चाचपून आणि डोक्यातल्या चित्रावरून.

ते चित्र डोक्यात उभं करणं हीच या शस्त्रक्रियेची खरी विद्या. रॉबर्ट ज्यूडे आणि एमिल लेतूर्नेल या फ्रेंच सर्जनांनी १९६४ मध्ये वाटीच्या मोडांची जी वर्गवारी प्रसिद्ध केली, तीच अजून जगभर चालते. पाच साधे प्रकार आणि पाच मिश्र. त्याआधी असे बहुतेक पेशंट आठवडेच्या आठवडे पायाला वजन लावून पडून राहत, आणि पुढचं नशिबावर. लेतूर्नेल यांच्या पठडीतले शिकाऊ डॉक्टर साधा एक्स-रे आणि पेशंटला ४५ अंशांत दोन्ही बाजूंना कलवून काढलेले दोन तिरके एक्स-रे समोर ठेवत, आणि त्यावरून मोडाच्या रेघा कोरड्या हाडावर किंवा प्लास्टिकच्या सांगाड्यावर पेन्सिलीने काढून बघत. म्हणजे हातात धरता येईल अशा हाडावर आधी सराव करायची कल्पना प्रिंटरच्या कितीतरी आधीची आहे. फरक एवढाच, की तो सांगाडा कोणा दुसऱ्याचा असे आणि त्यावरचा मोड पेन्सिलीचा.

१९७१ मध्ये लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या पेशंटचा सीटी स्कॅन झाला आणि चित्र पुष्कळ स्पष्ट झालं. आज संगणकावर खुबा हवा तसा फिरवून, मांडीचा गोळा काढून टाकून वाटीच्या आत डोकावता येतं. मग छापायचं कशाला? कारण पडद्यावर प्लेट वाकवता येत नाही.

हे नीट सांगायला हवं. या कामाची प्लेट म्हणजे बोटाएवढी रुंदसुद्धा नसलेली धातूची लांब पट्टी असते. तिला ओळीने भोकं आणि दोन भोकांच्या मध्ये दोन्ही कडांना खाचा. खाचा असतात म्हणून ती तिन्ही दिशांना वळते: वर-खाली, डावी-उजवीकडे, शिवाय पिळही देता येतो. हाडाचा पृष्ठभाग एकाच वेळी या तिन्ही दिशांना वळत जातो, त्यामुळे प्लेटलाही तिन्ही बाक द्यावे लागतात. नेहमीच्या पद्धतीत हे सगळं पेशंट भुलीखाली असताना चालतं. सर्जन प्लेट जखमेत खोल नेऊन हाडावर टेकवून बघतो, एक टोक वर राहिलं, बाहेर काढतो, दोन हातांत दोन लोखंडी वाकवण्या घेऊन बाक देतो, पुन्हा आत. पुन्हा बाहेर. सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली फोटो. तेवढा वेळ रक्त जातच असतं. शिवाय एकाच जागी धातू पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवला की तिथेच तो कमजोर होतो. प्लेट नीट बसलेली नसताना स्क्रू आवळले, तर महत्प्रयासाने जागेवर आणलेला हाडाचा तुकडा प्लेटकडे ओढला जाऊन पुन्हा सरकतो.

तुमच्या डॉक्टरांनी हे सगळं वाकवणं आदल्या दिवशी, टेबलावर, चहाचा कप बाजूला ठेवून केलं असेल. तीच प्लेट मग बाकीच्या हत्यारांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक झाली आणि ऑपरेशनमध्ये थेट आत गेली.

प्रश्न : पण मोडक्या हाडावर प्लेट वाकवली तर ती मोडक्या आकाराचीच होणार ना?

उत्तर : बरोबर हेरलंत. म्हणून बहुतेक वेळा दोन हाडं छापतात. एक मोडलेल्या बाजूचं, जसं आहे तसं. ते बघून सर्जन ठरवतो की पुढून जायचं की मागून, कोणता तुकडा आधी पकडायचा, चिमटा कुठे लावायचा. दुसरं हाड चांगल्या बाजूचं, पण आरशात दिसावं तसं उलटं केलेलं. माणसाचे दोन खुबे अगदी तंतोतंत नसले तरी बऱ्यापैकी सारखे असतात. तेव्हा डावा चांगला खुबा उलटवला की मोडण्यापूर्वीचा उजवा खुबा जवळजवळ हातात येतो. प्लेट त्याच्यावर वाकवायची.

दोन्ही बाजू मोडल्या असतील तर हा उपाय चालत नाही. मग संगणकावरच एकेक तुकडा वेगळा रंगवून, सरकवून, जुळवून, जोडलेलं हाड छापावं लागतं. याला तासन्‌तास लागतात. आणि उलटवण्याच्या कामात एक धोका असतो, तो ऐकायला बाळबोध वाटेल. प्रतीवर डावं-उजवं ठळक लिहिलेलं नसेल, तर घोटाळा व्हायला वेळ लागत नाही. चांगल्या ठिकाणी ते अक्षर छापतानाच हाडात उमटवतात.

प्रश्न : प्रिंटरमधून हाड निघतं कसं?

उत्तर : सुरुवात सीटीपासून होते. स्कॅन म्हणजे शरीराचे एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ आडवे काप. प्रत्येक कापातल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, हाडाला काहीशे आणि वर. हे एकक हाउन्सफील्ड यांच्याच नावाने ओळखतात. संगणकाला सांगायचं, अमुक आकड्याच्या वरचं तेवढं ठेव, बाकी पुसून टाक. स्नायू, चरबी, आतडी गळून पडतात आणि हाड उरतं. यासाठी 'थ्रीडी स्लायसर'सारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरही आहेत.

वाचायला सोपं, करायला नाही. आकडा जास्त धरला तर जिथे हाड मुळातच कागदासारखं पातळ आहे तिथे खोटी भोकं पडतात. वाटीच्या आतल्या भिंतीचं तर हमखास असं होतं. आकडा कमी धरला तर दोन सुटे तुकडे एकमेकांना चिकटलेले दिसतात, आणि जो मोड बघायचा तोच बुजतो. सगळ्यांत जास्त वेळ खातो तो मांडीचा गोळा. सांध्यातली फट इतकी बारीक असते, की संगणकाला गोळा आणि वाटी एकच वाटतात. माणसाने बसून, एकेका कापावर, दोन्ही वेगळे करावे लागतात. बसणाऱ्याला मोड कळत असेल तर प्रत चांगली निघते. नुसतं सॉफ्टवेअर येत असेल तर देखणी निघते. या दोहोंत पुष्कळ अंतर आहे.

पुढचं काम यंत्राचं. साध्या प्रिंटरमध्ये पावणेदोन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या तोटीतून वितळून बाहेर येते. तोटीचं भोक असतं सुमारे ०.४ मिलिमीटरचं. ती आधी हाडाचा सर्वांत खालचा काप आखते, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. २० सेंटिमीटर उंचीचं अर्धं कमरेचं हाड ०.२ मिलिमीटरच्या थरांनी उभारायचं तर हजार थर होतात. म्हणून संध्याकाळी लावलेलं यंत्र दुसऱ्या दिवशी हाड देतं, कधी त्याहून उशिरा. अधांतरी भागांना आधार म्हणून यंत्र जाळीदार खांबही छापतं. ते नंतर पकडीने तोडून काढायचे. नीट काढले नाहीत तर उरलेला खडबडीतपणा हाडाचाच समजला जातो.

या पद्धतीची जन्मकथा गमतीची आहे. अमेरिकेतल्या स्कॉट क्रम्प यांना १९८८ मध्ये लेकीसाठी खेळण्यातला बेडूक करायचा होता. त्यांनी तो ग्लू-गनने थरावर थर देत केला आणि त्यातूनच हे तंत्र निघालं. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, चक हल यांनी प्रकाशाने द्रव रेझिनचे थर कडक करत जायच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. क्रम्प यांच्या मूळ पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली, त्यानंतर यंत्रांच्या किमती झपाट्याने उतरल्या. लाखांतलं यंत्र काही हजारांत आलं नसतं, तर तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर ते हाड दिसलं नसतं.

प्रश्न : बिलात या हाडाचे किती पैसे धरले असतील?

उत्तर : तुमच्या बिलाबद्दल मी काय सांगणार! पण कच्च्या मालाचा अंदाज देता येतो. नेहमी वापरतात ते पीएलए प्लास्टिक मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून होतं, आणि किलोभर तार साधारण हजार रुपयांच्या आगेमागे मिळते. अर्ध्या कमरेला पाव किलोच्या आसपास पुरते. म्हणजे प्लास्टिक काहीशे रुपयांचं. बाकी पैसे संगणकावर बसणाऱ्याच्या वेळेचे. बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलं तर काही हजारांपासून पुढे. रुग्णालयाने स्वतःच यंत्र घेतलं असेल आणि कोणी निवासी डॉक्टर रात्री जागून छापत असेल, तर बिलात वेगळी ओळही नसते.

प्रश्न : हे परदेशी तंत्र आपल्याकडे नुकतंच आलंय का?

उत्तर : नाही. आणि महाराष्ट्रात त्याची एक सुरुवात पुण्या-मुंबईत नव्हे, नागपुरात झाली, हे मला मुद्दाम सांगायचंय. अस्थिशल्यविशारद वैभव बगारिया आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतले यांत्रिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक कुथे यांनी सहकाऱ्यांसह अवघड मोडांसाठी अशा प्रती करून वापरल्या. त्यात खुब्याच्या वाटीचा मोड होता, टाचेचा होता आणि गुडघ्याजवळचाही. त्यांचा शोधनिबंध 'युरोपियन जर्नल ऑफ रेडिऑलॉजी'त २०११ मध्ये आला. तेव्हा याला थ्रीडी प्रिंटिंग म्हणायची पद्धतही रुळली नव्हती. 'रॅपिड प्रोटोटायपिंग' म्हणत, आणि ती यंत्रं रुग्णालयात नसत, अभियांत्रिकी महाविद्यालयात असत. डॉक्टरला प्राध्यापकाच्या दारात जावं लागे. माझ्या मते हे चांगलंच होतं. दोघांनी एकत्र बसून हाड बघितलं, की दोघांच्याही चुका निघतात.

पुढे २०१४ मध्ये आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने आणि राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र उभं राहिलं. त्याच्या शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत निघाल्या. डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एका बाकावर बसवायचा हा उद्योग.

तुमच्या लोणी काळभोरची स्थिती यात बघण्यासारखी आहे. पुणे-सोलापूर महामार्ग गावाला लागून. दौंड, यवत, उरुळी कांचनकडची सगळी वाहतूक इथूनच शहरात शिरते. लोणी स्टेशनजवळच्या तेल कंपन्यांच्या डेपोंचे टँकर त्यात भर घालतात, हंगामात उसाच्या ट्रॉल्या. अपघाताला लागणारं सगळं साहित्य रस्त्यावरच हजर. दुसऱ्या बाजूला विश्वराजसारखं मोठं रुग्णालय गावातच आहे, त्यामुळे हडपसरची कोंडी फोडत पुण्यात जाण्यावाचून इलाज नाही अशी गत उरली नाही. आणि राज कपूर यांच्या जुन्या राजबागेत आज एमआयटीचं कला, डिझाइन आणि तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. अपघात, रुग्णालय आणि अभियांत्रिकीचे वर्ग इतके शेजारी शेजारी असलेली गावं जिल्ह्यात फार नसतील. नागपुरात जे दोन माणसांनी एकमेकांना शोधून केलं, ते इथे चालत जाऊन करता येईल.

प्रश्न : मग प्रिंटर असलेल्या रुग्णालयातच जावं का? निकाल खरंच चांगला लागतो?

उत्तर : इथे उत्साह जरा आवरायला हवा. गेल्या दहा-बारा वर्षांत खुब्याच्या वाटीच्या मोडांवर या पद्धतीचे बरेच अभ्यास झाले, त्यातले पुष्कळ चीनमधले. आपल्याकडे दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी पेशंटच्या प्रतीवर आधीच वाकवलेल्या प्लेट्सचा अनुभव २०१८ मध्ये मांडला. सगळ्यांचा मिळून सूर असा, की ऑपरेशनचा वेळ वाचतो, रक्त कमी जातं, सी-आर्मखाली कमी फोटो काढावे लागतात. वेळ आणि रक्त वाचणं ही लहान गोष्ट नाही. या कामात रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागणं नेहमीचंच आहे.

पण पाच-दहा वर्षांनी त्या माणसाला मांडी घालून बसता येतं का, शेतात काम करता येतं का, याबाबत तितका ठाम पुरावा अजून नाही. बरेचसे अभ्यास थोड्या पेशंटांवरचे आणि थोड्या काळाचे आहेत. शिवाय प्रतीत जे नसतं ते विसरून चालत नाही. छापलेल्या हाडावर नस नसते, रक्तवाहिनी नसते, कूर्चा नसते. जांघेच्या हाडामागून दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक वाहिनी जाते, ती तुटली तर रक्त आवरणं कठीण म्हणून सर्जन मंडळी तिला 'कोरोना मॉर्टिस', म्हणजे मृत्यूचा मुकुट, म्हणतात. ती कोणत्याही प्लास्टिकमध्ये दिसत नाही. म्हाताऱ्या माणसाचं हाड आत किती पोकळ झालंय, स्क्रू धरेल की नाही, हेही प्रत सांगत नाही. प्लास्टिकचे तुकडे टेबलावर दोन बोटांनी जुळतात. माणसात तेच तुकडे मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू ओढून धरत असतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. वर्षभर असे मोड नियमित हाताळणाऱ्या सर्जनच्या हातात ही प्रत सोनं आहे. ज्याने असं ऑपरेशन क्वचितच केलंय, त्याच्या हातात ती टेबलावरची शोभा. रुग्णालयाच्या फलकावर 'थ्रीडी प्रिंटिंग तंत्रज्ञान' लिहिलेलं बघून पेशंट हलवू नका. सर्जन असे मोड वर्षाला साधारण किती करतात, ते विचारा. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

प्रश्न : ते प्लास्टिकचं हाड ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात का?

उत्तर : नेतात, पण जपून. पीएलए साठ अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं आणि ऑटोक्लेव्ह १२१ किंवा १३४ अंशांवर चालतो. त्यात टाकलं तर हाड वाकडं होऊन बाहेर येईल. म्हणून कमी उष्णतेवर गॅसने किंवा प्लाझ्माने निर्जंतुक करतात, नाहीतर निर्जंतुक पारदर्शक पिशवीत घालून समोर ठेवतात. उष्णता सोसणारं नायलॉन आणि काही रेझिन्स आहेत, ती महाग पडतात.

प्रश्न : पुढे थेट धातूचंच हाड छापून बसवतील?

उत्तर : बसवतातही. टायटॅनियमची बारीक भुकटी लेसरने किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताने थराथराने वितळवून त्या माणसापुरतं रोपण करता येतं. हाडाच्या कर्करोगात कमरेचा भाग काढावा लागला, किंवा बदललेला खुबा पुन्हा बदलताना खालचं हाडच उरलं नसेल, तर हे वरदान आहे. ताज्या अपघातात मात्र ते सहसा जमत नाही. असं रोपण आखून, तपासून, हातात यायला आठवडे जाऊ शकतात आणि मोडलेल्या वाटीला तेवढी सवड नसते. साधारण तीन आठवडे उलटले की तुकडे चुकीच्या जागीच धरायला लागतात, मग ते सोडवून पुन्हा बसवणं मूळ कामापेक्षा कठीण. प्लास्टिकची प्रत एका रात्रीत होते, म्हणूनच ती इथे उपयोगी.

प्रश्न : असा प्रसंग पुन्हा कोणावर आला तर आम्ही काय करावं?

उत्तर : पहिल्या तासाचा प्रिंटरशी काही संबंध नाही. कमरेच्या मोडात बाहेर जखम नसतानाही आत काही लिटर रक्त साठू शकतं, आणि माणूस त्यानेच जातो. जखमीला हात-पाय धरून उचलू नका, उभं करून बघू नका, १०८ ला फोन करा. कमरेभोवती पट्टा बांधायचा तो पोटावर नाही, मांड्या सुरू होतात तिथे बाजूला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यांवरून. पण हे काम रुग्णवाहिकेतल्या माणसांना करू द्या. हाडवैद्याकडे तर चुकूनही नेऊ नका. मनगट त्याच्याकडे बरं झालं असेल, खुब्याची वाटी चोळून बसत नाही.

पैशांची चौकशी पहिल्याच दिवशी करा. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत रस्ते-अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात, पण अपघातापासून सात दिवसच. खुब्याचं ऑपरेशन पेशंट स्थिर झाल्यावर, कधी पाचव्या, कधी दहाव्या दिवशी होतं. तेव्हा सातव्या दिवसापुढचं काय, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

आणि पेशंट दुसरीकडे हलवायची वेळ आली, तर सीटीच्या काळ्या फिल्मा घेऊन धावू नका. फिल्मवरून हाड छापता येत नाही. स्कॅन सेंटरकडून मूळ फायली सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, आणि "पातळ कापांसकट द्या" असं स्पष्ट सांगा. काही ठिकाणी जाड कापच लिहून देतात, मग पुढच्या रुग्णालयात स्कॅन पुन्हा करावा लागतो. ऑपरेशननंतर डिस्चार्जच्या कागदांत प्लेट आणि स्क्रूची छोटी स्टिकर चिकटवलेली असतात, कंपनी, धातू आणि माप लिहिलेली. वाटीच्या मोडानंतर काहींचा सांधा पुढे झिजतो आणि खुबा बदलावा लागतो. त्या वेळी नव्या सर्जनला ती स्टिकर आणि ती सीडी, दोन्ही लागतील. फाइल रद्दीत घालू नका.